नीळकंठची परवानगी

“रविवारी निघतोय मी,” अच्युत म्हणाला. “मुंबई राज्याकडे वर्ग झालोय. आता तरी हो म्हण, रत्ना.”

रत्नप्रभेने हातातलं पुस्तक कपाटात उलटंच सारलं. मराठी मंडळाच्या वाचनालयात त्या दुपारी तिसरं कुणी नव्हतं. तरी तिने आधी दाराकडे पाहिलं.

“नीळकंठला विचारायला हवं.”

“दोन वर्षं विचारतेच आहेस.”

ते खरंच होतं. मध्य प्रदेशची राजधानी नागपुरातून भोपाळला हलली, तिच्यामागोमाग सचिवालयातल्या लोकांची बिऱ्हाडंही आली. त्यात अच्युत होता, नीळकंठही होता. वडील गेल्यापासून घरचा कर्ता नीळकंठच. पगार त्याचा, शब्द त्याचा आणि रागही त्याचाच. घरात बाकी दोघी, रत्नप्रभा आणि नलिनी. नलिनीच्या लग्नाची खटपट चालली होती. रत्नप्रभेच्या लग्नाचं कुणी नावही काढत नव्हतं, आणि ज्याने काढलं तो आता जायला निघाला होता.

गेला महिनाभर अच्युत तिला एका जुन्या इंग्रजी कादंबरीची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगत होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. हॅरिएट नावाची नायिका, तिच्यावर जीव टाकणारा जहाजाचा कप्तान, आणि हॅरिएटवाचून ज्यांचं पान हलत नाही अशी घरची माणसं. कप्तान बंदरावर थांबलाय आणि हॅरिएट उंबऱ्यात उभी आहे, तिथे गोष्ट अडली होती.

“पुढे काय झालं तिचं?” रत्नप्रभेने विचारलं.

“नाही म्हणाली. जन्मभर घरच्यांचे मोजे विणत बसली. लेखकाने मग तिच्या थडग्यावर गुलाब फुलवलेत.”

“म्हणजे तिचं चांगलंच झालं की.”

“तिला कुठे दिसले ते?”

रत्नप्रभेला रडू फुटलं. हा माणूस तिला हवा होता. त्याचं हळू बोलणं, पुस्तक देताना आधी त्यावरची धूळ बाहीने पुसणं, सगळं हवं होतं. ते स्वतःशी पुरतं कबूल करायला तिला दोन वर्षं लागली होती.

त्या संध्याकाळी नीळकंठ उशिरा आला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. घरात सोयरिकीची बोलणी चालली असताना कर्त्या माणसाने नीटनेटकं दिसायला हवं, असं त्याचं म्हणणं. परवा गोविंदपुऱ्याच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरकडची माणसं नलिनीला बघायला यायची होती.

रत्नप्रभा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “अच्युत रविवारी जाताहेत. मला त्यांच्याशी लग्न करायचंय.”

“पुन्हा तेच? परवा माणसं येताहेत. त्यांच्या कानावर गेलं तर नलिनीला कोण करून घेईल?”

“मग तिचं जमल्यावर?”

“जमल्यावर सासरचे बोलतील. जन्मभर ऐकून घ्यावं लागेल तिला. वडिलांच्या नावाची तरी चाड ठेव.” मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, “आणि पाहुणे असेपर्यंत तू बाहेर येऊ नकोस. शेजारच्या काकू बघतील सगळं.”

एरवी तिने मान खाली घातली असती. पण रविवार डोळ्यांपुढे उभा होता. ती खाली वाकली आणि तिने त्याचे पाय धरले.

विंचू चावावा तसा नीळकंठ मागे सरकला. “हे काय करतेस!” तो ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चप्पल घालून तो तसाच बाहेर पडला.

शनिवारी पाहुणे आले. रत्नप्रभेने आतच बसून पोहे केले, नारळ खवला, नलिनीची वेणी घातली, आणि दाराआडून कान देऊन बसली. मुलगा काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण त्याच्या वडिलांचा आवाज खणखणीत होता. “मुलगी पसंत आहे आम्हाला. माणसं सरळ दिसताहेत. आम्हाला एवढंच हवं, घराण्याला बोल नको.”

पाहुणे गेल्यावर नलिनी धावत आत आली आणि तिच्या गळ्यात पडली. पोरीचा चेहरा फुलून आला होता. तो पाहताच रत्नप्रभेला कळून चुकलं की आपल्याला आता कुठेही जाता यायचं नाही.

रविवारी ती स्टेशनवर गेली, ती रिकाम्या हातांनी. अच्युतने खिडकीजवळची जागा धरली होती आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला होता.

“नलिनीचं जमलं,” ती म्हणाली.

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग रुमाल उचलून खिशात घातला. एक जाडजूड गृहस्थ लगेच तिथे टेकले. गाडी हलली तेव्हा धावत जाऊन चढावं असं रत्नप्रभेच्या मनात आलं. पण गाडी गेल्यावरही ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली, आणि एका हमालाने “बाई, सरका” म्हटल्यावर घराकडे वळली.

नीळकंठ घरी वाट बघत होता. नलिनी शेजारी गेली होती. त्याने स्वतः स्टोव्ह पेटवून चहा केला आणि कप तिच्या हातात दिला. असं त्याने कधी केलं नव्हतं.

“गेले ते?”

“गेले.”

“बरं झालं. आता निवांत बोलता येईल.” तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. थोडा वेळ चुळबुळत राहिला. “आमच्या कचेरीत कमला सक्सेना म्हणून एक टायपिस्ट आहे. आपल्यातली नाही. पण तिच्यावाचून मला जगता यायचं नाही. नलिनीचं लग्न उरकलं की लगेच करावं म्हणतो. लोक काय, बोलतील चार दिवस.”

रत्नप्रभेने कप खाली ठेवला. नीळकंठने लहानपणी ठेवायचा तसं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“तू नाही समजून घेणार तर कोण घेईल, आई?”