बाल्कनीतला चहा

"चहा कशाने ढवळलास?" त्याने मेव्हण्याला विचारलं.

मेव्हणा मुलीच्या खोलीत स्टुलावर उभा राहून भिंतीला फळी बसवत होता. ओठांत धरलेले स्क्रू त्याने काढून हातात घेतले. "चमच्याने. ओट्यावर होता ना, त्याने."

"आणि मग?"

"मग परत तिथंच ठेवला. पुसून ठेवला, दाजी. रुमालाने."

या घरात दुधाचा थेंब येत नसे. मुलीला दूध चालायचं नाही. चालायचं नाही म्हणजे नुसतं पोट दुखायचं असं नव्हे, घसा सुजून श्वास अडायचा. तिच्या मामाला हे पाठ होतं. म्हणूनच त्याने थर्मासमधून आणलेला दुधाचा चहा दोघांनी बाल्कनीत उभं राहून, कागदी कपांतून घेतला होता आणि कप तिथल्याच पिशवीत टाकले होते. नियम पाळला होता. फक्त साखर तळाशी बसली होती, तेव्हा आतला चमचा बाहेर गेला आणि बाहेरचा होऊन आत आला.

त्याच चमच्याने मग मुलीच्या बाबाने पीठ कालवलं होतं. केळं, ओट्स, कोको, नारळाचं दूध. उद्या वर्गात मुलगी बिस्किटं वाटणार होती. इतरांच्या खाऊकडे ती नेहमी लांबून बघायची. उद्या तिचा खाऊ सगळे खाणार होते. त्यामुळे सकाळपासून एका हातात पीठ आणि दुसऱ्या हातात ड्रिल अशी त्याची धांदल चालली होती. बिस्किटांत भुसा आणि भिंतीत कोको भरू नका म्हणजे मिळवली, असं मेव्हण्याने दोनदा चिडवूनही झालं होतं.

भाजलेल्या बिस्किटांच्या ट्रेमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या.

मुलगी फरशीवर बसून खोकं रंगवत होती. हनुवटीला कोको लागलेला. एक गरमच खाल्लं, दुसरं अर्धं राहिलंय, असं तिने स्वतःहून सांगितलं, आणि उरलेला तुकडा पुढे केला. त्याने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

दाराच्या खुंटीवर लाल पिशवी होती. तिच्यात इंजेक्शनचं पेन, मांडीत टोचायचं. ते आजवर एकदाच लागलं होतं आणि तेव्हा मुलीच्या आईने टोचलं होतं. त्याने नुसते पाय धरले होते, तेही तोंड फिरवून. आता ती घरात नव्हती; पाय धरायलाही तोच आणि टोचायलाही तोच.

मेव्हणा स्टुलावरून उतरला. "अहो, मी खरंच पुस..." एवढं बोलून त्याने गाडीची किल्ली उचलली.

दवाखान्यात नर्सने मुलीचं तोंड उघडून पाहिलं, छाती तपासली. आत्ता तरी काही नाही, म्हणाली, पण घरी जाऊ नका, इथं दाराशी बाकावर बसा, जरा काही वाटलं तर हाक मारा. आवाज घोगरा होतोय का तिकडे कान ठेवा, असंही तिने बजावलं.

मग लाल पिशवी मांडीवर घेऊन बाबाने मुलीला बोलतं ठेवलं. नव्या फळीवर काय काय ठेवणार, ते विचारलं. तिने पुस्तकं सांगितली, बाहुली सांगितली, शिंपले सांगितले. वर्गातल्या मुलांची नावं बाकांच्या रांगेने सांगितली. तो एकही शब्द ऐकत नव्हता, नुसता आवाज ऐकत होता. नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती. पलीकडे मेव्हणा तो रुमाल मुठीत चुरगाळत बसला होता.

"बाबा, संपलं सगळं."

"मग परत सांग. पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून सुरू केलं आणि बाहुलीपाशी खोकली.

पेनाचं टोपण निघालं कधी ते त्यालाही कळलं नाही. मेव्हणा नर्सला बोलवायला धावला. मुलगी पुन्हा एकदा खोकली, नाक पुसून म्हणाली, नाकात भुसा गेलाय. नर्सने येऊन तपासलं. काही नाही अशी तिने मान हलवली तरी त्याने पेन खाली ठेवलं नाही.

मुलगी पेनाकडे बघत होती. "तुझा हात हलतोय."

"दमलोय गं," तो म्हणाला, आणि हात मांडीखाली दाबून धरला.

काही झालं नाही. दिवेलागणीला त्यांना घरी सोडलं. गाडीत मेव्हणा म्हणाला, दाजी, शिव्या तरी घाला. त्याने घातल्या नाहीत. चूक आपली की त्याची, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. चमचा उचलताना बघितलं तर त्याने स्वतःही नव्हतं.

घरी येऊन त्याने सगळी बिस्किटं टाकून दिली. चमचाही टाकला. भांडी उकळत्या पाण्यातून काढली, ओटा दोनदा घासला आणि नव्याने पीठ कालवायला घेतलं. मेव्हणा दारातच उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही.

ट्रे बाहेर आला. एरवी बोटं भाजली तरी मुलगी पहिलं बिस्कीट पळवायची. आज ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"आधी तू खा."

"अगं, त्यांना काय होणार आहे? त्यांना तर सगळं..." मामा दारातून म्हणाला.

बाबाने एक उचलून खाल्लं. जीभ पोळली, पण तसंच गिळलं. मुलीने स्टूल ओढत आणलं, त्याच्यासमोर मांडून वर बसली आणि त्याच्या ओठांवर नजर लावली.

"आता बोल," ती म्हणाली. "बोलत राहा."