हातावरचं की कागदावरचं

कार्ड तिसऱ्यांदा लावलं, तरी दार हललं नाही. इंजिनीअर मुलीने ते ओढणीला पुसून चौथ्यांदा लावून पाहिलं.

हॉस्पिटलच्या तळघरातली खोली. जाड लोखंडी दार, आतबाहेर आवाज जात नाही, मोबाइलला रेंज नाही. कार्ड खरं की खोटं, हे कुलूप नेटवर्कवरून विचारून घ्यायचं, आणि तिने थोड्या वेळापूर्वी राउटरमध्ये टाकलेल्या एका चुकीच्या ओळीने आधी वॉर्डाचं आणि आता सगळंच नेटवर्क तुटलं होतं. निस्तरायला जावं, तर मघाशी नवा पासवर्ड टाकतानाही एक अक्षर चुकलेलं. राउटर तिलाच ओळखेना. टेबलावरचा फोन त्याच नेटवर्कवरचा, तोही मुका.

तिच्यासोबत सिस्टर अडकली होती. वॉर्डातला कॉम्प्युटर का बंद आहे, हे विचारायला ती खाली आली होती. दुखणं थांबवायच्या इंजेक्शनांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला होती.

दार बडवून सिस्टरचे हात लाल झाले. मग तिने विचारलं, हे यंत्र बंद करून परत चालू केलं तर?

इंजिनीअरने तिला समजेल असं सांगितलं. राउटरच्या मेमरी चार. एक त्याला नुसतं जागं करते. दुसरीत त्याचं सगळं शिक्षण असतं. तिसरी चालू कामाची; घाईत तळहातावर पेनाने लिहावं तशी, वीज गेली की पुसली. चौथीत सेव्ह केलेलं राहतं, केसपेपरवर लिहिल्यासारखं. जाग आली की राउटर ते वाचून कामाला लागतो.

"मग तुझी चूक हातावर आहे की कागदावर?"

"कागदावर. सेव्ह केलंय मी. बंद करून उपयोग नाही."

साफ खोटं. सगळं तपासून मग सेव्ह करू, असं तिने ठरवलं होतं. पण दार अडकायच्या जरा आधी साहेबांचा फोन आला, सेव्ह केलं का म्हणून. मागच्या महिन्यात ते राहिलं होतं तेव्हा त्यांनी चार लोकांत तिची खरडपट्टी काढली होती. तोंडातून "हो" निसटलं. सिस्टरने ते ऐकलं होतं. आता वीज काढली आणि जुनंच परत आलं, तर दोघांपुढे पितळ उघडं पडणार. कुणीतरी येऊन दार तोडेलच, असं मनाशी म्हणत ती खुर्चीला चिकटून राहिली.

वीस मिनिटं गेली. कुणी आलं नाही. सिस्टर भिंतीला टेकून फरशीवर बसली.

"सात नंबरच्या आजींची भूल उतरली असेल आता," ती हळूच म्हणाली. "त्या ओरडत नाहीत गं. उशी चावतात."

इंजिनीअर उठली आणि तिने राउटरची वायर उपटली. दहापर्यंत मोजून परत लावली. दिवे लुकलुकत राहिले. पाच मिनिटं गेली. मग तिने कार्ड लावलं आणि कुलूप खट्कन वाजलं. सिस्टर किल्ली मुठीत धरून जिन्याकडे धावली.

बाहेर साहेब उभे होते, घामाघूम. खोलीच्या मेन स्विचवर त्यांचा हात तसाच होता.

"वीस मिनिटांपूर्वीच खाली ओढणार होतो," ते म्हणाले. "पण तू सेव्ह केलंय म्हणालीस ना, म्हणून थांबलो."