टपावरच्या दांड्या

"एकदाच न्यायचीय, की नेहमी?" दुकानदाराने दिगंबर शेडग्यांना विचारलं. मुलगी ओवी शेजारीच उभी होती. तिची कयाक, म्हणजे सतरा फुटी अरुंद होडी, घरच्या गाडीच्या टपावर बांधून भोपाळच्या स्पर्धेला न्यायची होती. ही शर्यत शेवटची, मग होडी विकून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, असं वचन त्यांनी तिच्याकडून घेतलं होतं.

दुकानदाराने दांड्यांचे दोन जोड पुढे ठेवले. "या पट्ट्याने आवळायच्या आणि काम झालं की काढायच्या. या दुसऱ्या पक्क्या, पण त्यांना टपाला भोकं पाडावी लागतात. ती पुन्हा बुजत नाहीत."

शेडग्यांना गाडीवर ओरखडासुद्धा खपत नसे. सात वर्षं रोज सकाळी ते ती स्वतः पुसत आले होते.

"पट्ट्याच्याच द्या," ओवी म्हणाली. "एकदाच न्यायचीय."

आवाजात तक्रार नव्हती. पोरगी दिलेला शब्द पाळणार हे त्यांना कळलं, आणि त्याचा आनंद काही केल्या होईना. त्यांनी दुसऱ्या जोडातली दांडी उचलली, हातात तोलून पाहिली.

"या पक्क्या लावा."

"बाबा, टपाला भोकं पडतील."

"पडू देत."

कारागिराने ड्रिल सुरू केलं, तेव्हा मात्र त्यांना बघवेना. ते रस्त्यावर येऊन दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. मागोमाग ओवी आली.

"वर्षाला किती स्पर्धा असतात गं तुमच्या?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.