ताट फिरवला

जेवताना कुणी प्रवासाला उठलं की मिंडाकाकू आपलं ताट हळूच गोल फिरवायची आणि आम्हा सगळ्यांनाही फिरवायला लावायची. फिलिपिन्समधल्या तिच्या गावची ही रीत. काका बोटीवर नोकरीला होते. तिकडच्याच एका बंदरात दोघांचं जुळलं आणि काकू थेट आमच्या जयगडला आली.

"ताट फिरवला की माणूस गोल फिरून घरी येतो," ती म्हणायची. तिच्या मराठीत ताट जन्मभर पुरुषच राहिलं.

"ताट कसलं फिरवतेस? अन्नाला घेरी येईल," मोठी आत्या करवादायची. स्वतःचं ताट तिने कधी फिरवलं नाही. काका मात्र दर खेपेला परत आले.

आज दुपारी काकूला माती देऊन आलो. शेजारच्यांनी पिठलं-भात आणून ठेवला होता. पडवीत सगळे ताटावर बसलो. स्टीलच्या ताटांवरून उडालेलं ऊन वर कौलांखाली पाण्यासारखं हलत होतं. ते बघता बघता वाटलं, आमचं घरच बंदरातून सुटलंय. घास कुणीच उचलत नव्हतं.

मग फरशीवर खरखर ऐकू आली. आत्या खाली मान घालून आपलं ताट फिरवत होती, अगदी सावकाश, भात सांडू नये म्हणून दुसरा हात कडेला धरून. काकांनीही फिरवलं. मग एकेक करत सगळ्यांनी.

"फिरवला गं बाई," काकूच्या रिकाम्या पाटाकडे बघत आत्या म्हणाली. "आता ये."