बिनकुंपणाचा मध

सरकारने विकायला काढलेलं जंगल बघायला किमायो नैरोबीहून दलालासोबत आला, तेव्हा त्याच जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओगिएक जमातीची ताबुतानी त्यांना सामोरी गेली. परकं गिऱ्हाईक असतं, तर तिने शिव्या हासडल्या असत्या. हा तर सख्खा भाचा! तिने त्याला देवदाराखाली नेलं. वर मधमाश्यांसाठी पोखरलेला ओंडका टांगलेला होता. “कुणाचा गं, आत्या?” “तुझ्या आजोबांचा. म्हणजे आता तुझा.” “एवढी वर्षं मध कुणी खाल्ला?” “शुद्धीवर आहेस ना? आपल्या ओगिएकांत दुसऱ्याच्या ओंडक्याला कुणी हात लावतं?” “कुंपण नाही, राखणदार नाही...” “अख्खं गाव राखतंय की! तू कुंपण घाल, मग बस एकटा राखत.” किमायो वर बघतच राहिला. बूट काढून तो चढू लागला, तोच दलाल ओरडला, “साहेब, सही राहिलीय!” फांदीवरून उत्तर आलं, “तुम्ही निघा! आमचंच जंगल आम्हाला काय विकताय?”