ओला रंग

गेटचा खांब धाकट्या दिराने ट्रॉली मागे घेताना वर्षात तीनदा पाडला होता. परवा पुन्हा उभा केला. आज सकाळी मीच गेटचे दोन्ही खांब रंगवले आणि ट्रॅक्टरवर चढले. सासरे ओरडले, “उतर खाली! आधीच उलट्या खोपडीची तू!” मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, की ट्रॉली उजवीकडे जाते. सरळ डोक्याची माणसं तिथेच फसतात. “वहिनी, उजवीकडे फिरवा!” दीर मागून बोंबलला. मी डावीकडे फिरवलं. ट्रॉली उजवीकडे वळली आणि दोन खांबांमधून अलगद आत गेली. “घासली असणार,” तो म्हणाला. “रंग ओला आहे, आबा,” मी सासऱ्यांना म्हणाले. “ट्रॉलीला डाग दिसला, तर चावी तुमची.” सासऱ्यांनी वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. मग खांबालाच बोट लावलं. बोट पांढरं झालं. “ओलाच आहे,” ते पुटपुटले. “आणि मी उलट्या खोपडीचीच!” मी चावी कमरेला खोचली.