वधूला कोण देतं?

पाळकसाहेबांनी लेकीला हाताला धरून चर्चच्या वेदीपाशी आणलं आणि घाईघाईने स्वतःच्या अंगावर पाळकाचा झगा चढवला. लग्नही तेच लावणार होते.

त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "या वधूला कोण देत आहे?"

वधूशेजारी उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. रीतीप्रमाणे उत्तर द्यायचं बापाने, आणि बाप तर इकडे पुस्तक धरून उभा! त्यांनी ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

"पप्पा, बोला ना!" लेक कुजबुजली.

तिसऱ्या बाकावरून एक जोडपं उठलं. घटस्फोट घ्यायचाच म्हणत दोघं नऊ वर्षं साहेबांपुढे भांडली होती, आणि साहेबांनी दर वेळी चहा पाजून त्यांना एकत्र घरी धाडलं होतं. आज दोघं एकदम ओरडली, "आम्ही देतो!"

"आधी मी उठले!" बायकोने नवऱ्याला बजावलं.

हसता हसता साहेबांना आवाज फुटला.